पिलाटिस व्यायामपद्धतीची तोंडओळख

शाळेच्या मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलींत, एक बांक असतें. बहुतेक सर्व शाळांत तें असतेंच. कवाईतीच्या तासाला त्या बांकावर डॉक्टरांची चिठ्ठी आणलेलीं मुलें बसतात. कोणास दमा आहे, कोणाची पाठ दुखते, कोणी नुकतेंच तापांतून उठलेलें असतें. शिक्षक त्यांच्या नांवापुढें पटावर खूण करतात आणि बाकीचीं मुलें धांवूं लागतात. आम्हीं स्वतः पुष्कळ वर्षें अशा खुणा केल्या आहेत, आणि तसें करण्यांत आपण त्या मुलांवर दयाच करीत आहों अशी आमची प्रामाणिक समजूत होती. ज्या मुलाचें शरीर दुबळें त्यालाच व्यायामाची गरज अधिक, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत यावयास फार उशीर लागला. ती ध्यानांत आली तीहि एका परक्या देशांतील मनुष्याचें चरित्र वाचतां वाचतां. त्या मनुष्याची व त्यानें काढलेल्या व्यायामपद्धतीची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

जोसेफ ह्युबर्टस पिलाटिस हा ता. ९ डिसेंबर १८८३ रोजीं जर्मनींतील म्योन्शनग्लाडबाख या गांवीं जन्मास आला. बाप धातुकाम करणारा असून व्यायामाचा शोकी होता. परंतु मुलाच्या वांट्यास मात्र दमा, मुडदूस आणि सांधे धरणारा ताप अशीं तीन दुखणीं आलीं होतीं. मुडदूस म्हणजे हाडें मऊ पडून वांकणें. दम्यानें श्वास पुरत नाहीं. आणि सांध्यांच्या तापानें हालचालच नकोशी होते. आमच्या शाळेंत असा मुलगा आला असता तर त्याची जागा कोठें झाली असती, हें सांगावयास नकोच. जोसेफानें मात्र हळूहळू कसरत, मुष्टियुद्ध, पोहणें, बर्फावरून घसरत जाणें अशा नाना प्रकारांनीं आपलें शरीर घडविलें. चौदाव्या वर्षापर्यंत त्याचे स्नायु इतके रेखीव झाले कीं, शरीररचनेचीं चित्रें काढण्यासाठीं त्याला समोर उभें करीत, असें त्याच्या चरित्रांत नेहमीं सांगण्यांत येतें.

पुढें तो इंग्लंडांत गेला. इ. स. १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर तेथील पुष्कळ जर्मन लोक शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध करण्यांत आले, त्यांत हाहि सांपडला. प्रथम लँकेस्टर येथें व नंतर आइल ऑफ मॅन या बेटावरील नॉकलो येथील छावणींत त्यानें युद्धाचीं वर्षें काढलीं. या छावणींत एका वेळीं सुमारें २३,००० माणसें तारेच्या कुंपणाआड होतीं. लांकडी खोपटीं, चिखल आणि करावयास कांहीं काम नाहीं, अशा स्थितींत माणसें शरीरानें व मनानें खचत जातात. पिलाटिसनें तेथें आपल्या सोबत्यांस जमिनीवर आंथरुण घालून करावयाचे व्यायाम शिकविण्यास आरंभ केला. अंथरुणास खिळलेल्या आजाऱ्यांच्या खाटांना त्यानें स्प्रिंगा बांधल्या आणि निजल्या निजल्या त्यांना हातपाय हलवावयास लावलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. इ. स. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथींत त्याच्या शिष्यांपैकीं एकहि दगावला नाहीं, अशी दुसरीहि एक गोष्ट पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. ती मात्र आम्ही गोष्ट म्हणूनच सांगतों. व्यायामानें सांथीचा रोग टळतो असें कोणी समजूं नये.

युद्धानंतर कांहीं काळ जर्मनींत राहून इ. स. १९२६ सालीं तो अमेरिकेस निघाला. त्या प्रवासांत जहाजावर त्याची क्लारा नांवाच्या स्त्रीशीं ओळख झाली व पुढें जन्मभर ती त्याची सहचारिणी झाली. न्यूयॉर्क शहरांतील आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतींत दोघांनीं आपली व्यायामशाळा मांडली. जवळपास नर्तकांच्या तालमी चालत. नर्तकांचे पाय मुरगळावयाचे, कमरेंत लचक भरावयाची. अशा वेळीं ते पिलाटिसकडे येऊं लागले. जॉर्ज बालानशीन व मार्था ग्रॅहॅम यांच्यासारखे विख्यात नृत्यकलावंत त्याच्याशीं संबंध ठेवून होते. पिलाटिस स्वभावानें तापट, तर क्लारा सौम्य व धीराची, आणि दुखणाईत माणसांस तीच अधिक चांगली शिकवी, अशी त्यांच्या शिष्यांची आठवण आहे. एक गोष्ट मात्र आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याची उचलूं नये: श्वासावर इतकें प्रवचन करणारा हा गृहस्थ स्वतः चिरूट ओढीत असे.

आपल्या पद्धतीस त्यानें स्वतःचें नांव दिलें नव्हतें. तो तिला ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हणजे नियमनाची विद्या म्हणे. इ. स. १९३४ मध्यें त्याचें ‘युअर हेल्थ’ हें लहानसें पुस्तक निघालें आणि १९४५ मध्यें ‘रिटर्न टु लाइफ थ्रू कॉन्ट्रॉलॉजी’ हें दुसरें. या दुसऱ्या पुस्तकांत जमिनीवर करावयाचे ३४ व्यायाम छायाचित्रांसह दिलेले आहेत. इ. स. १९६७ च्या आक्टोबरांत तो ८३ वर्षांचा होऊन वारला. त्यानंतर क्लारानें व रोमाना क्रिझानोव्स्का प्रभृति शिष्यांनीं ही विद्या जतन केली. पुढें ‘पिलाटिस’ हें नांव वापरण्याचा हक्क कोणाचा, यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयांत मोठा तंटा झाला, आणि इ. स. २००० सालीं न्यायालयानें असा निकाल दिला कीं, योग किंवा कराटे या शब्दांप्रमाणें तें एका व्यायामप्रकाराचें सामान्य नांव झालेलें आहे, त्यावर कोणा एकाची मालकी नाहीं. तेव्हांपासून हें नांव लावणारे वर्ग जगभर निघाले. मुंबई-पुण्यासही ते निघालेले आहेत. चांगले आहेत, आणि केवळ नांवाचेहि आहेत.

आतां मूळ विषयाकडे वळूं. या व्यायामांत विशेष तें काय? दंडबैठकांत आपण संख्या मोजतों. शंभर बैठका काढणारा पन्नास काढणाऱ्यापेक्षां श्रेष्ठ. पिलाटिसच्या पद्धतींत संख्येस जवळजवळ किंमत नाहीं. बहुतेक व्यायाम तीन ते दहा वेळांच करावयाचे असतात, परंतु प्रत्येक वेळीं मनाचें लक्ष त्या हालचालीवर पुरतें असलें पाहिजे. कोणता भाग हलतो आहे, कोणता स्थिर राहिला आहे, श्वास कोठें चालला आहे, याचें भान सुटलें कीं त्या व्यायामाचें काम संपलें. एकाग्रता, नियमन, मध्यकेंद्र, ओघ, अचूकपणा आणि श्वास अशीं या पद्धतीचीं सहा तत्त्वें पुष्कळ पुस्तकांत दिलेलीं असतात. हीं तत्त्वें पिलाटिसच्या शिकवणींतून निघालीं हें खरें. परंतु अशी यादी त्यानें स्वतः केलेली नाहीं. ती इ. स. १९८० सालीं फ्रीडमन व आयझेन या दोन ग्रंथकारांनीं बांधली.

यांपैकीं ‘मध्यकेंद्र’ हें नवशिक्यास समजावयास जरा कठीण जातें, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों. आपल्या पाठीच्या कण्यांत ३३ मणके असतात. त्यांपैकीं खालचे नऊ एकमेकांस जुळून त्रिकास्थि व माकडहाड बनलेलें असतें. उरलेले २४ सुटे असून एकावर एक रचलेले असतात: मानेंत सात, पाठींत बारा व कमरेंत पांच. छातीच्या भागांतील मणक्यांना बरगड्यांचा पिंजरा आधार देतो. परंतु कमरेच्या पांच मणक्यांना पुढून किंवा बाजूंनीं हाडाचा कसलाच आधार नाहीं. धडाचें, हातांचें, डोक्याचें आणि पाठीवरील दप्तराचेंहि सर्व ओझें त्यांवर येतें. मग तो डोलारा उभा कसा राहतो? पोटाच्या पोकळीभोंवतीं असलेल्या स्नायूंच्या जोरावर. ही पोकळी एखाद्या डब्यासारखी आहे असें समजावें. डब्याचें झांकण म्हणजे श्वासपटल. बूड म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायु. पाठीमागें मणक्यामणक्यांस जोडणारे लहान लहान स्नायु. आणि सभोंवार, कमरेस शेला गुंडाळावा तसा, पोटाचा सर्वांत आंतला आडवा स्नायु. हा शेला सैल पडला कीं कमरेचे मणके आपले आपण झिजत राहतात आणि मनुष्य ‘पाठ धरली’ म्हणून तक्रार करूं लागतो. पिलाटिसच्या प्रत्येक व्यायामांत प्रथम हा शेला बेताचा आवळावयाचा आणि मग हातपाय हलवावयाचे, असा क्रम असतो. पोट आंत ओढून श्वास कोंडून धरणें म्हणजे शेला आवळणें नव्हे. ही चूक जवळजवळ सर्व नवशिके करतात. जोर अगदीं थोडा लावावा. बोलतां येईल, हंसतां येईल इतकाच.

श्वासाचेंहि तसेंच आहे. निजलेल्या लहान मुलाचें पोट श्वासाबरोबर वरखालीं होतें, तो श्वास उत्तमच. परंतु पोटाचे स्नायु आवळलेले असतां पोट फुगवितां येत नाहीं. तेव्हां श्वास घ्यावा कोठें? तो बरगड्यांत, दोन्ही बाजूंस व पाठीकडे घ्यावा. याचा अनुभव घेण्यास एक सोपी युक्ति आहे. एखादा पंचा किंवा ओढणी छातीच्या खालच्या भागाभोंवतीं गुंडाळून तिचीं टोकें समोर हातांत धरावीं. नाकानें श्वास घेतांना ती ओढणी बाजूंस ताणली गेली पाहिजे, आणि सोडतांना सैल झाली पाहिजे. खांदे वर उचलले गेल्यास श्वास वरच्यावर चालला आहे असें समजावें. आमच्या नववींतील कांहीं मुलांनीं हा प्रयोग केला तेव्हां दहापैकीं आठांचे खांदे कानांकडे गेले. पुष्कळ वेळ बांकावर ओणवें बसून लिहिल्यानें व मोबाइलच्या पडद्यावर मान वांकवून पाहिल्यानें छाती आंखडते, त्याचा हा परिणाम असावा असें आम्हांस वाटतें.

आरंभ करूं इच्छिणारानें जमिनीवर सतरंजी दुहेरी घालावी. गादी नको, ती अंग आंत घेते व कण्यास टेका मिळत नाहीं. पाठीवर निजून गुडघे वांकवावेत, पाउलें जमिनीवर टेकलेलीं, दोहोंमध्यें वीतभर अंतर. हात बाजूंस. आतां कमरेखालीं पाहावें: तेथें स्वाभाविक बांक असून बोटें सहज सरकतील इतकी फट असते. पिलाटिस स्वतः ही फट मिटवून संपूर्ण पाठ जमिनीस दाबावयास सांगे. हल्लींचे बहुतेक शिक्षक ती स्वाभाविक ठेवावयास सांगतात. या वादांत शिरण्याचें नवशिक्यास कारण नाहीं. आमच्या मतें पहिले कांहीं दिवस कमरेचा बांक प्रथम थोडा वाढवून, मग जमिनीस टेकवून, मग मध्यें आणून सोडावा, म्हणजे आपली कंबर किती व कशी हलते याची ओळख होते. पुष्कळ माणसांची चाळिशी येते तरी ही ओळख झालेली नसते.

त्यानंतर सेतु. याच स्थितींत श्वास सोडीत सोडीत प्रथम माकडहाड, मग कंबर, मग पाठ, असा एकेक मणका जमिनीपासून सुटा करीत, माळ उचलावी तसा, कणा वर घ्यावा, खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत एक उतरती रेघ झाली कीं थांबावें, श्वास घ्यावा, आणि सोडतांना उलट क्रमानें मणकामणका खालीं ठेवावा. सगळी पाठ एकदम धपकन् पडली तर पुन्हां करावें. या व्यायामांत वर जाण्यापेक्षां खालीं येणें कठीण आहे, आणि खरा फायदाहि खालीं येण्यांतच आहे.

या पद्धतींतील सर्वांत प्रसिद्ध व्यायाम म्हणजे ‘शंभर’. पिलाटिसच्या पुस्तकांत तो पहिलाच आहे. पाठीवर निजून डोकें व खांदे थोडे उचललेले, पाय लांब करून जमिनीपासून किंचित् वर, आणि हात शरीराच्या बाजूंस ताठ धरून वीत-दीड वीत वरखालीं हलवीत राहावयाचे. पांच हेलकाव्यांपर्यंत श्वास घ्यावयाचा, पांच हेलकाव्यांपर्यंत सोडावयाचा. असे दहा श्वास झाले म्हणजे शंभर हेलकावे पुरे होतात. ऐकावयास सोपें वाटतें. करून पाहावें म्हणजे कळेल! नवशिक्यानें डोकें जमिनीवरच ठेवावें, पाउलेंहि जमिनीवर ठेवावींत, आणि पहिल्या आठवड्यांत तीन-चार श्वासच करावेत. पुढें एक पाय, मग दोन्ही पाय, गुडघ्यांत वांकवून उचलावेत. डोकें उचलावयाचें तें सर्वांच्या शेवटीं.

इतर व्यायाम थोडक्यांत सांगतों. निजून एक गुडघा छातीशीं धरावयाचा व दुसरा पाय लांब करावयाचा, आणि आळीपाळीनें पाय बदलावयाचे. धड मात्र हलतां कामा नये. पाय पसरून बसून, समोरच्या कल्पित भिंतीवरून डोक्यापासून खालीं घसरत आल्याप्रमाणें पुढें वांकावयाचें व कमरेपासून वर रचीत पुन्हां ताठ व्हावयाचें. पालथें निजून उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय, पोहल्यासारखे उचलावयाचे. दप्तर वाहणाऱ्या मुलांस हा फार उपयोगी. गुडघे पोटाशीं धरून चेंडूप्रमाणें मागें लोळावयाचें व पुन्हां बसावयाचें, हा प्रकार लहान मुलांस अतिशय आवडतो. मोठ्यांनीं मात्र जाड आंथरुणाशिवाय करूं नये, आणि मानेवर लोळत जाऊं नये.

पिलाटिसनें यंत्रेंहि पुष्कळ काढलीं. त्यांतील ‘रिफॉर्मर’ हें मुख्य. लांकडी चौकटींत चाकांवर सरकणारी एक फळी असून ती स्प्रिंगांनीं जखडलेली असते. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस यांतील खुबी लागलीच कळेल: वजन उचलतांना त्याचा भार सर्वकाळ सारखाच असतो, परंतु स्प्रिंग जितकी ताणावी तितका तिचा विरोध वाढत जातो, आणि हात सैल सोडला तर ती फटकन् मागें खेंचते. म्हणून ताणतांना जोर लागतो आणि परत आणतांना संयम लागतो. दुबळ्या मनुष्यास हलकी स्प्रिंग लावून हींच यंत्रें आधारहि देतात. परंतु तीं महाग असतात व शिकविणारा जवळ लागतो. आरंभास त्यांची मुळींच जरूर नाहीं.

येथें आमची स्वतःची फजिती सांगणें योग्य होईल. वह्या तपासण्याच्या कामानें आमची पाठ कित्येक वर्षें दुखत असे. पिलाटिसविषयीं वाचतांच आम्ही मोबाइलवर चलच्चित्रें पाहून, कोणासहि न विचारतां, पहिल्याच दिवशीं डोकें उचलून पुरे शंभर हेलकावे काढले. दुसऱ्या दिवशीं मान अशी आंखडली कीं फळ्याकडे वळतांना सगळें अंग वळवावें लागे, आणि मुलांस तें पाहून हंसूं आवरेना. महिन्यानें एका भौतिकोपचार करणाऱ्या बाईंकडे गेलों. त्यांनीं आम्हांस पाठीवर निजविलें, दोन बोटें आमच्या कमरेखालीं ठेविलीं, आणि सुमारें पाऊण तास केवळ श्वास घ्यावयास लाविलें. आम्हांस तें फुकटचें वाटलें व तसें आम्हीं बोलूनहि दाखविलें. “सर, तुम्ही मुलांना पहिल्याच दिवशीं निबंध लिहायला लावतां, कीं आधीं मुळाक्षरें?” एवढेंच त्या म्हणाल्या. पुढील सहा आठवडे आम्हीं मुळाक्षरेंच गिरविलीं. पाठ अजूनहि क्वचित् दुखते, नाहीं असें नाहीं. परंतु ती दुखूं लागण्यापूर्वीं आपण कसे बसलों आहों हें आतां आम्हांस कळतें, आणि आम्ही उठून उभे राहतों.

फायदे म्हणून ज्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतील किती खऱ्या? कण्याची लवचीकता वाढते, पोटाचे व पाठीचे स्नायु बळकट होतात, तोल सुधारतो, बसण्याउठण्याची ढब सुधारते, एवढें नियमानें करणारास अनुभवास येतें. कंबरदुखीविषयीं शास्त्रज्ञांनीं अधिक कसोशीनें पाहिलें आहे. कॉक्रेन या संस्थेनें इ. स. २०१५ सालीं त्या वेळपर्यंतच्या दहा चांचण्यांचा व त्यांतील ५१० रोग्यांचा एकत्र विचार केला. कांहींच न करणें किंवा नाममात्र उपचार करणें यापेक्षां पिलाटिसनें वेदना व अडचण कमी होते, असें त्यांस आढळलें. परंतु इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षां तें वरचढ आहे असें मात्र ठरलें नाहीं. पुराव्याची प्रतहि सामान्य ते मध्यम असल्याचें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. जाहिरातदार पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात, म्हणून आम्हीं दोन्ही दिले आहेत. तसेंच, यानें चरबी झडते, उंची वाढते, या गोष्टी ऐकून पैसे खर्चूं नयेत. कणा ताठ झाल्यानें मूल उंच दिसूं लागतें, तें वेगळें.

हा व्यायाम धांवण्याखेळण्याची जागा भरून काढीत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठीं रोज सरासरी ६० मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल असावी, असें सांगितलें आहे. खोखो, हुतुतू, पोहणें, सायकल हीं त्या कामाचीं. पिलाटिस त्यांच्या जोडीस.

आतां कोणी जपावें तें सांगतों. दमेकरी मुलानें आपलें औषध या व्यायामाच्या भरवशावर बंद करूं नये, आणि फवाऱ्याचें औषध सतरंजीशेजारीं ठेवून मगच आरंभ करावा. ज्यांच्या पायांत कळ किंवा मुंग्या उतरतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्याखेरीज पुढें वांकण्याचे प्रकार करूं नयेत. आज्या-आजोबांची हाडें ठिसूळ झालेलीं असल्यास त्यांनीं पाठ गोल करण्याचे व लोळण्याचे प्रकार सर्वस्वीं वर्ज्य करावेत. कारण त्यांत मणक्यास चीर जाण्याचें भय असतें. गर्भवती स्त्रियांनीं जाणत्या शिक्षिकेशिवाय आरंभ करूं नये. आणि व्यायाम करतांना तीव्र वेदना झाली कीं थांबावें. स्नायूंस येणारा शीण व सांध्यांत उठणारी कळ यांतला फरक मुलांस शिकविणें हें आम्ही व्यायामशिक्षकाचें पहिलें काम समजतों.

पालकांकडून आम्हांस नेहमीं विचारण्यांत येतें कीं, आपल्याकडे योगासनें व सूर्यनमस्कार असतां हें परदेशी कशाला? प्रश्न रास्त आहे. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यांचें ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हें इंग्रजी पुस्तक इ. स. १९३८ सालीं लंडनास छापलें गेलें. म्हणजे पिलाटिसच्या दोन पुस्तकांच्या मधल्या काळांतच. श्वासाशीं हालचालीचा मेळ घालणें दोहोंकडे आहे. ज्यांस सूर्यनमस्कार नीट घालतां येतात त्यांनीं तेच घालावेत, आम्हीहि घालतों. परंतु ज्या मुलाचे हात स्वतःचा भार पेलत नाहींत, किंवा ज्याला ओणवें होतांच धाप लागते, त्याला पाठीवर निजवून, जमिनीचा संपूर्ण आधार देऊन, एका वेळीं एकच पाय हलवावयास सांगणारी ही पद्धत सुरुवातीस सोयीची पडते, असा आमचा अनुभव आहे.

वेळ किती द्यावा? पिलाटिसनें आपल्या पुस्तकांत आठवड्यांतून चार वेळां याप्रमाणें तीन महिने करावयास सांगितलें आहे. आम्ही मुलांस दिवसाआड पंधरा मिनिटें सांगतों. जेवणानंतर दोन तास जाऊं द्यावेत. कपडे सैल असावेत, परंतु इतके नव्हेत कीं गुडघे व कंबर दिसूंच नये, कारण पाहणारास चूक दिसली पाहिजे. घरीं आरसा नसला तर बहीणभावंडांनीं एकमेकांस पाहावें. घरांतील एखाद्या वडील माणसानें सोबत केल्यास मूल टिकतें, एरव्हीं चौथ्या दिवशीं सतरंजी गुंडाळली जाते.

गेल्या जून महिन्यापासून आमच्या शाळेंत शनिवारीं सकाळीं, कवाईतीच्या तासाला, प्रार्थना-दालनाच्या मागच्या ओसरीवर बांकावरच्या मुलांचा एक लहानसा वर्ग चालतो. आरंभीं पांच मुलें होतीं, आतां चौदा आहेत. त्यांत दोघे असे आहेत कीं त्यांच्याजवळ कसलीच चिठ्ठी नाहीं. दम्याची एक विद्यार्थिनी पहिल्या सत्रांत सेतूमध्यें तीन श्वास टिकत नसे. दिवाळीनंतर ती सहा टिकूं लागली, आणि एके दिवशीं तिनें स्वतः होऊन लंगडीच्या संघांत नांव दिलें. पहिल्याच सामन्यांत ती लवकर बाद झाली आणि फार चिडली. ज्या पालकांस हा वर्ग पाहावयाचा असेल त्यांनीं अवश्य यावें. डॉक्टरांचें पत्र असल्यास बरोबर आणावें, म्हणजे कोणते प्रकार टाळावयाचे तें ठरवितां येईल. आणि स्वतः करून पाहण्याची इच्छा असल्यास आपली सतरंजी घेऊन यावें, कारण शाळेच्या सतरंज्या चौदाच आहेत.